साखरेच्या मुलखातली जोड

‘किती निघाली?’

कोल्हापूर जिल्ह्यात गळिताच्या हंगामात हा प्रश्न उसाच्या उताऱ्याबद्दल असतो. रंकाळ्याच्या काठावर सकाळी सव्वासहाला तो विचारला, की उत्तर रक्तातल्या साखरेचं येतं. ‘उपाशीपोटी एकशे अडतीस.’ ‘काल काय झालतं?’ ‘भाचीच्या पोराचं बारसं.’ एवढ्यावर विषय संपतो आणि चालायला सुरुवात होते. कुणी रागावत नाही, कुणी शहाणपण शिकवत नाही. पण सकाळी आकडा सांगायचा आहे हे आदल्या रात्री पानावर बसतानाच ठाऊक असतं, आणि दुसरी पुरणपोळी वाढून घेताना हात जरा थांबतो.

या मंडळींना नाव नाही. नोंदणी, वर्गणी, अध्यक्ष यांतलं काहीच नाही. दहा-बारा जण आहेत. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक, गुजरीतले सोन्याचे कारागीर, दोन शिक्षक, मार्केट यार्डात उभी हयात हमाली केलेले आबा, सुभाषनगरातले चप्पल बनवणारे अण्णा. एरवी एका पंगतीला आले नसते अशा या माणसांना टाइप दोनच्या मधुमेहानं एका वाटेवर आणलं. मी त्यांच्यात आलो तेव्हा माझं एचबीए१सी ९.४ होतं. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजली की मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. ६.५ आणि त्यापुढं म्हणजे मधुमेह, आणि झालेल्यांपैकी बहुतेकांनी हा आकडा सातच्या आत ठेवावा असं डॉक्टर सांगतात. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास धरून हा आकडा बदलत नाही.

डॉक्टरांची भेट तीन महिन्यांतून एकदा, पंधरा मिनिटांची धरली, तर वर्षाचा एक तास होतो. वर्षाचे तास ८,७६०. उरलेले ८,७५९ तास रुग्ण आपल्या ताटासमोर, आपल्या घरात, आपल्या आळसासोबत असतो. हा आजार त्या तासांत बिघडतो आणि त्याच तासांत सावरतो. त्या तासांत सोबत कोण, एवढंच मला इथं सांगायचं आहे.

या प्रश्नाचं उत्तर कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान उभं केलं, त्याच्याही आधीपासून इथल्या पेठांत तालमी आहेत. तालमीत वस्ताद डाव सांगतो. जोर-बैठका एकट्यानं मारता येतात. पण डाव अंगात मुरायचा तर लाल मातीत समोर जोड लागते. तिच्या अंगाला रोज अंग भिडवायचं, पडायचं, उठायचं, तेव्हा कुठं तो मुरतो. मधुमेहात डॉक्टर वस्तादाच्या जागी आहेत. ती जागा दुसऱ्या कुणाची नाही. पण जोडीविना नुसत्या वस्तादावर मैदान मारलेला पैलवान या गावानं पाहिलेला नाही.

आणि हे मैदान सोपं नाही. कोल्हापूर गुळाची पेठ आहे. गुऱ्हाळावर गेलं की काकवी हातावर घेतल्याशिवाय सुटका नाही, आणि घरात गुळाचा रवा आला की त्याचा खडा तोंडात जातोच. ‘साखर बंद केली, आता गूळच खातो’ हे वाक्य मी या शहरात जितक्यांदा ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. गुळात थोडे क्षार असतात, हे खरं. पण तो बहुतांश साखरच आहे आणि रक्तात गेल्यावर साखरेसारखाच वागतो. हे आबांना डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, ते पटलं नाही. गुजरीतल्या कारागिरांनी एका सकाळी आपल्या यंत्रावरचे दोन दिवसांचे आकडे दाखवले, एक साखरेच्या चहानंतरचा आणि एक गुळाच्या चहानंतरचा. त्यांत फारसा फरक नव्हता. आबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बिनगुळाचा चहा घेऊ लागले.

दुसरी अडचण आग्रहाची. मटणाच्या गावजेवणाची म्हाई, लेकीच्या सासरची जत्रा, मित्राकडचं तांबडं-पांढरं. नको म्हटलं तर यजमानाचा अपमान. मटणाला आम्ही शत्रू मानत नाही. रश्शातलं तेल-मीठ रक्तदाब असलेल्यानं जपायचं, पण साखर चढते ती त्याबरोबर नकळत जाणाऱ्या भाताच्या ढिगानं. म्हणून म्हाईला शक्यतो दोघं मिळून जायचं असं ठरलं आहे. आधी कांदा-काकडी, मग मटण, एक भाकरी, भात एक पळी. एकाला आग्रह झाला की दुसरा म्हणतो, ‘वहिनी, त्यांचं झालं.’ परक्यानं म्हटलेलं हे वाक्य यजमानीण ऐकते. स्वतः रुग्णानं म्हटलं तर ऐकत नाही.

पोट सुटलेल्यांचाच हा आजार, हा समज आमच्यातही होता. शिक्षकांपैकी एक अंगानं काटक, त्यांना निदान पटायला वर्ष लागलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर काढलेलं एक छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतात, हे एवढ्या सोप्या रीतीनं क्वचितच कुणी दाखवलं असेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा अंदाज असा, की देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबऱ्यावर आहेत. शेजारच्या गोव्यात प्रमाण सर्वांत जास्त, २६.४ टक्के.

रुग्णांनीच एकमेकांना धरायचं, ही कल्पना निघाली ती इन्शुलिनच्या पहिल्या पिढीत. रॉबर्ट लॉरेन्स हे ब्रिटनमधले तरुण डॉक्टर. त्यांना मधुमेह झाला तो इन्शुलिन सापडण्याआधी, म्हणजे त्या वेळी मरणच. घरच्यांसमोर मरायला नको म्हणून ते इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन राहिले. १९२३ मध्ये लंडनहून मित्राचा निरोप आला की इन्शुलिन आलं आहे आणि ते लागू पडतं. ते परतले, जगले, आणि पुढची अनेक वर्षं मधुमेह्यांवर उपचार करत राहिले. कादंबरीकार एच. जी. वेल्स त्यांचे रुग्ण. १९३४ साली वेल्स यांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून गरीब-श्रीमंत सगळ्या मधुमेह्यांना परस्परांच्या मदतीसाठी एकत्र येण्याचं आवाहन केलं, आणि डायबेटिक असोसिएशन उभी राहिली. डॉक्टर आणि रुग्ण दोघंही मधुमेही, दोघांनी मिळून काढलेली संस्था. आपल्याकडे डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया १९५५ मध्ये मुंबईत स्थापन झाली.

महाराष्ट्रात मात्र ही गोष्ट घराघरांत पोचली ती फार नंतर. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं असा कार्यक्रम मांडला. २०१८च्या सुमारास आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्याशी तुलना होऊन ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद मराठी घरांत रोज रंगत होता. आमच्याही कट्ट्यावर दोन्ही बाजू होत्या. त्या वादात एक गोष्ट झाकली गेली असं माझं मत आहे. दीक्षितांच्या मागं गेलेली माणसं एकटी गेली नाहीत. व्हॉट्सॲपवर त्यांचे गट झाले, वजनं आणि आकडे एकमेकांना कळवले गेले, अडलेल्याला कुणी तरी उत्तर दिलं. दोनदा जेवून किती गुण आला आणि कुणी तरी विचारतंय म्हणून किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. पण दुसऱ्या कारणाला मी कमी लेखणार नाही.

इथं एक इशारा द्यायलाच हवा. इन्शुलिन घेणाऱ्यानं किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असलेल्यानं डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी केली, तर साखर धोक्याइतकी खाली जाते. ७०च्या खाली गेली की घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. त्या क्षणी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. साखर टाळायला जमलेल्या आमच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात म्हणूनच साखरेची पुडी असते.

सोबतीनं खरंच फरक पडतो का, हे केरळात तपासून पाहिलं आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात ६० मतदान-क्षेत्रांतल्या १,००७ धोक्यातल्या माणसांवर प्रयोग झाला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवलं गेलं आणि त्यांनी गट चालवले. दोन वर्षांत गटातल्यांपैकी १४.९ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी १७.१ टक्क्यांना. हा फरक इतका लहान की संशोधकांनी तो ठाम मानला नाही. खाण्यापिण्याच्या सवयी मात्र सुधारल्या. मी हे आकडे मुद्दाम देतो, कारण सोबत म्हणजे औषध नव्हे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीत मधुमेह होऊन सहा वर्षं न उलटलेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांनी कडक आहारानं वजन उतरवलं. वर्षाअखेर ४६ टक्क्यांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. दुसऱ्या वर्षाअखेर तेवढे राहिले नाहीत, ३६ टक्के उरले. उतरवणं एक, टिकवणं दुसरं. टिकवायच्या कामात माणसं लागतात.

माझ्यासाठी सोबतीचा अर्थ एका सकाळी स्पष्ट झाला. अण्णा पुढं चालत होते, मी मागं. त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटून वाटेवर राहिली आणि ते तसेच वीसेक पावलं गेले. मी हाक मारली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. चाळीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या पायांची मापं घेतली, त्यांना स्वतःच्या पायातली चप्पल गेलेली कळली नव्हती. त्यांना कट्ट्यावर बसवून तळवा पाहिला, तर अंगठ्याखाली एक फोड फुटलेला. दुखत नव्हता. मधुमेहात नसा बधिर होतात तेव्हा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच जखम चिघळत जाते. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. पाय वाचला.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कट्ट्यावर बसून एकमेकांचे तळवे पाहतो. साठीनंतर वाकून स्वतःचा तळवा पाहणं जमत नाही, आणि डोळेही साथ देत नाहीत. सुरुवातीला फार संकोच वाटला. आबा पाय पुढं करायलाच तयार नव्हते, ‘दुसऱ्याला पाय दाखवायचा व्हय?’ म्हणत होते. आता तेच सगळ्यांत आधी पायमोजे काढतात. कोल्हापुरी चप्पल या गावाचा अभिमान. पण बधिर पायाला तिचं कडक चामडं आणि अंगठा सोसत नाही, हे आम्हाला अण्णांनीच सांगितलं. ते आता मऊ तळाचे, पुढून झाकलेले बूट वापरतात. सणाला देव्हाऱ्यासमोर आपल्या हातची जोडी ठेवतात, पायात घालत नाहीत.

आमचे नियम थोडे आहेत आणि ते चुकांतून आले. मोजायचं यंत्र एकमेकांना द्यावं, पण टोचायची सुई ज्याची त्याची, कारण रक्तातून दुसरे आजार जातात. आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, सुचवायचीही नाही. पूर्वी एकानं शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी आणून घेतली आणि ते घेरी येऊन पडले. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्यायचं, आणि झालं की कट्ट्यावर सांगायचं.

या सगळ्यात एक मोठी उणीव आहे आणि ती मला खुपते. आमच्यात बायका नाहीत. सकाळी सहाला कोल्हापुरातल्या बाईची डब्याची घाई असते. नवऱ्यासाठी बिनसाखरेचा चहा ती आठवणीनं करते, स्वतःची साखर मात्र पाय सुजल्याशिवाय तपासत नाही, आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तीच खाते. गेल्या वर्षी माझ्या बहिणीनं आपल्या भिशीत हा विषय काढला. बारा जणींनी मिळून एक यंत्र घेतलं. पहिल्याच दिवशी तिघींची साखर जास्त निघाली. तिघींपैकी एकीलाही ते माहीत नव्हतं. आता त्यांची भिशी संध्याकाळी पाचला भरते, आधी अर्धा तास चालणं आणि मग पैशांचा हिशेब. भज्यांच्या जागी मटकीची उसळ आली. खेड्यात तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती भरून घ्यायला आशाताई दारात येतात. त्यांना ‘मला काही नाही’ म्हणून परत पाठवू नका.

रंकाळ्यावर आम्ही रोज असतो, पावसाळ्यातही. तुम्हाला लांब पडत असेल तर तुमच्या पेठेतली तालीम, भजनी मंडळ, भिशी, जे असेल तिथं दोघंजण तरी धरा. येताना पाय झाकणारे बूट घाला, खिशात साखरेची पुडी ठेवा, आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलेला तो शेवटचा रिपोर्ट सोबत आणा.