डोळ्याच्या कागदावरचा ‘एच ३५’ म्हणजे काय? क्लेम पाठवण्याआधी हे तपासून घ्या

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नवा चष्माही लागला, तरी समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध धूसरच दिसतो. अशा वेळी डॉक्टर ‘डोळ्याचा पडदा खराब झालाय’ असं सांगतात आणि कागदावर इंग्रजी एच अक्षर व पुढे काही आकडे लिहून देतात. बहुतेक घरांत हा कागद पिशवीत जातो. विम्याचा क्लेम अडकला की मगच त्या आकड्यांकडे लक्ष जातं.

हा आकडा म्हणजे आजाराचा कोड. जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या आजारांची एक यादी केली आहे, तिला आयसीडी म्हणतात. आपल्याकडे दवाखाने आणि विमा कंपन्या तिची दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१० वापरतात. गावात वावराला ‘विहिरीचं वावर’ म्हणतात, पण सातबाऱ्यावर गट नंबरच चालतो. आजाराचंही तसंच आहे. गट नंबर चुकला तर पीक विमा अडकतो, तसा कोड चुकला तर दवाखान्याचा क्लेम अडकू शकतो.

कोणता कोड कशाचा?

- एच २५ : वयामुळे होणारा मोतीबिंदू. यात डोळ्याचं भिंग गढूळ होतं, पडदा नाही.
- एच ३५.३ : पडद्याच्या मधल्या भागाची झीज. वाचताना, सुईत दोरा ओवताना अडचण येते, सरळ रेघ वाकडी दिसते. वय झालेल्या माणसांत जास्त.
- एच ३५.४ : पडद्याच्या कडेची झीज.
- एच ३५.५ : पडद्याचे आनुवंशिक आजार. आधी रात्री दिसेनासं होतं, मग बाजूची नजर आक्रसत जाते.
- एच ३६.० : मधुमेहामुळे पडद्यावर झालेला परिणाम. यासोबत मधुमेहाचा स्वतःचा कोडही लागतो. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहासाठी तो ई ११.३ असतो.

तक्रार एक, कोड तीन

‘रात्री दिसत नाही’ ही तक्रार घ्या. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याने असेल तर कोड ई ५०.५. हा रातांधळेपणा वेळेत उपचार मिळाले तर बरा होऊ शकतो. पडद्याचा आनुवंशिक आजार असेल तर एच ३५.५. तो गोळ्यांनी जात नाही आणि घरातल्या इतरांचीही तपासणी करावी लागते. नात्यात लग्नं होणाऱ्या घरांत हे विशेष लक्षात ठेवावं, कारण आई-वडील दोघांची नजर चांगली असूनही मुलात असा आजार उतरू शकतो. कारण सापडलंच नाही, तर नुसता रातांधळेपणा म्हणून एच ५३.६ लिहितात. म्हणून कागदावर कोणता कोड आहे, यावर पुढचा डॉक्टर काय शोधणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

इंजेक्शन तेच, आजार वेगळा

डोळ्यात देण्याचं इंजेक्शन वयाच्या झिजेत ओल्या प्रकारासाठी देतात आणि मधुमेहाने पडद्याला सूज आली तरी देतात. आरोग्य विम्यात या इंजेक्शनचा समावेश असतो, पण पॉलिसीत रकमेची मर्यादा असू शकते, ती आधी वाचावी. एच ३५.३ हा कोड कोरडा आणि ओला असे दोन्ही प्रकार धरतो. त्यामुळे ‘ओला प्रकार’ हे शब्दात लिहिलेलं असावं आणि पडद्याच्या स्कॅनचा रिपोर्ट जोडावा.

मधुमेह जुना असेल तर विमा काढताना तो सांगितला होता का, हे कंपनी बघते. तो लपवण्यासाठी ‘वयाची झीज लिहा’ असा आग्रह डॉक्टरांकडे कोणी धरू नये. तपासण्यांमधून साखर उघड होते, मग क्लेम तर जातोच, पॉलिसीही धोक्यात येते.

डावा की उजवा?

एच ३५.३ मध्ये डोळा कोणता ते कळत नाही. ते कागदावर वेगळं लिहावं लागतं. आरई किंवा ओडी म्हणजे उजवा, एलई किंवा ओएस म्हणजे डावा, बीई किंवा ओयू म्हणजे दोन्ही. एच ३५.३२११ असा लांबलचक कोड दिसला तर तो अमेरिकेत वापरतात त्या पद्धतीचा. त्यात ३२ म्हणजे ओला प्रकार, ३१ असेल तर कोरडा. त्यापुढचा १ म्हणजे उजवा डोळा, २ डावा, ३ दोन्ही.

अपंगत्वाचा दाखला कोडवर मिळत नाही

एच ३५.५ लिहिलंय म्हणजे दाखला मिळणारच, असं नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात बघतात ते चष्मा लावूनही किती दिसतं आणि नजरेचा घेर किती उरलाय. घेर ४० अंशांपेक्षा कमी झाला तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी झाला तर अंधत्व धरतात. समोरचा बोर्ड वाचता येत असला, तरी बाजूची नजर गेलेल्या माणसाला हक्क आहे. म्हणून स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणीला जाताना नजरेच्या घेराचा, म्हणजे फील्ड टेस्टचा रिपोर्ट सोबत न्यावा. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं.

दवाखान्यातून निघताना

- आजाराचं नाव, कोड आणि डोळा डिस्चार्ज कार्ड, बिल व क्लेम फॉर्मवर सारखेच आहेत का, ते बघा. क्लेम फॉर्मचा ‘ब’ भाग दवाखाना भरतो, कोड त्यातच असतो.
- चूक दिसली तर स्वतः पेनने खाडाखोड करू नका. दवाखान्याकडूनच दुरुस्त करून सही-शिक्का घ्या.
- सगळ्या कागदांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या दवाखान्यात तोच कामी येतो.

अचानक नजर गेली, डोळ्यासमोर काळे ठिपके वाढले किंवा विजेसारखे चमकारे दिसले तर कागद-कोड नंतर बघा. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.