कानांनी केलेला कालप्रवास

पडद्यावर कालयंत्र उभे करायचे तर नेपथ्य, प्रकाशयोजना, संगणकाच्या करामती असा भलामोठा खटाटोप लागतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तेच काम एका वाक्यात उरकते. ‘आजोबा, हे कुठलं साल?’ असे एका पात्राने विचारावे, मागून टांग्याच्या घोड्याच्या टापा ऐकू याव्यात, की ऐकणारा शंभर वर्षे मागे जाऊन पोहोचतो. टापांचा तो आवाज दोन करवंट्यांचा आहे हे ठाऊक असूनही घोडा दिसतोच. कालप्रवासाच्या विज्ञानकथेला श्रुतिकेइतके सोयीचे दुसरे माध्यम नाही.

नभोवाणीने ही ताकद फार लवकर ओळखली. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सने एच. जी. वेल्स यांची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी अमेरिकी रेडिओवर सादर केली. नाटकाचा पूर्वार्ध त्याने चालू कार्यक्रम थांबवून दिलेल्या बातम्यांच्या रूपात रचला होता. काही श्रोते खरोखरच घाबरले. वर्तमानपत्रांनी त्या घबराटीला पुढे बरेच तिखटमीठ लावले, पण नुसत्या आवाजावर माणसे किती विश्वास ठेवतात हे त्या रात्री जगाला कळले. ब्रिटनमध्ये १९५३ साली चार्ल्स चिल्टन यांची ‘जर्नी इनटू स्पेस’ ही मालिका बीबीसीवर सुरू झाली. डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’ ८ मार्च १९७८ रोजी प्रथम रेडिओवरच ऐकू आली. पुस्तक निघाले ते त्यानंतर.

याच बीबीसीशी मराठी विज्ञानकथेचेही एक नाते आहे. विश्वाच्या जन्माला आज जग ‘बिग बँग’ म्हणते. हा शब्दप्रयोग खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी मार्च १९४९ मध्ये बीबीसीवरच्या एका भाषणात प्रथम केला. ते स्वतः त्या सिद्धांताचे विरोधक होते. हॉइल विज्ञानकथाही लिहीत. ‘ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट’ या १९६६ च्या कादंबरीत त्यांनी पृथ्वीच्या वेगवेगळ्या भागांत एकाच वेळी वेगवेगळे कालखंड नांदताना दाखवले आहेत. केंब्रिजमध्ये त्यांच्या हाताखाली संशोधन करणारा, कोल्हापुरात जन्मलेला विद्यार्थी म्हणजे जयंत विष्णू नारळीकर.

नारळीकर भारतात परतल्यानंतर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. परीक्षकांनी तिला पहिले बक्षीस दिले आणि मग उलगडा झाला की जगतापांची आद्याक्षरे उलटी वाचली की नारळीकरांची होतात. नावाच्या वजनाने बक्षीस मिळू नये, ही त्यामागची इच्छा. पुढच्या चार दशकांत ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’, ‘प्रेषित’, ‘व्हायरस’ अशी पुस्तके येत गेली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कथांमध्ये श्रुतिकेसाठी सर्वांत तयार कथा म्हणजे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. तिचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात आणि त्यांच्या लक्षात येते की ही मुंबई वेगळीच आहे. इथे मराठ्यांनी पानिपत जिंकले आहे. ईस्ट इंडिया कंपनी अजून जिवंत आहे आणि मुंबई इंग्रजांकडे २००१ पर्यंतच्या भाडेपट्ट्यावर आहे. पंत टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून इतिहास कुठे वळला ते शोधतात. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईत विश्वासरावांना लागायची गोळी इथे त्यांच्या कानाला चाटून गेलेली असते. संध्याकाळी आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून पंत व्यासपीठावर चढतात आणि चिडलेला जमाव त्यांच्यावर टोमॅटो, अंडी फेकू लागतो.

ही कथा डोळे मिटून ऐकावी. घाट उतरणारी आगगाडी, ग्रंथालयातली पाने उलटण्याची सळसळ, कानाजवळून सुं करत गेलेली गोळी, मैदानावरचा गलका. दोन जगांतला फरक दाखवायला वेगळे शहर बांधावे लागत नाही. स्थानकावरची घोषणा बदलली तरी पुरते. त्या जगातून पंतांसोबत आलेला पुरावाही केवढा, तर बखरीचे एक फाटके पान.

कालप्रवासाच्या कथांतले विज्ञान नुसते तोंडी लावायला नाही. भविष्याकडे जाण्याचा कालप्रवास सिद्ध झालेला आहे. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग यांनी आण्विक घड्याळे विमानातून पृथ्वीभोवती फिरवून आणली, तेव्हा त्यांच्या वेळेत आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार फरक पडलेला आढळला. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर मोबाइलवरचा नकाशा एका दिवसात दहा-अकरा किलोमीटर चुकेल. भूतकाळात जाण्याचे मात्र अजून गणितच आहे. कुर्ट गोडेल यांनी १९४९ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांतून तशी वाट काढून दाखवली, पण ती फिरत्या विश्वाची अट घालते आणि आपले विश्व तसे दिसत नाही.

मराठीला श्रुतिकेची परंपरा नवी नाही. नभोवाणीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. मीनावहिनी, प्रभाकरपंत आणि टेकाडे भावजींच्या ‘पुन्हा प्रपंच’साठी अख्खी घरे रेडिओभोवती बसत. नीलम प्रभू, प्रभाकर जोशी आणि बाळ कुडतरकर या तिघांनी केवळ आवाजावर एक कुटुंब उभे केले होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशवाणीने मानवाच्या उत्क्रांतीवर शंभराहून अधिक भागांची मालिका अनेक भारतीय भाषांतून प्रसारित केली. माणूस कुठून आला हे तिने सांगितले. तो कुठे चालला आहे, हा प्रश्न विज्ञानकथेकडे येतो. एच. जी. वेल्स यांनी १८९५ च्या ‘द टाइम मशीन’मध्ये ८,०२,७०१ हे साल गाठून माणसाच्या दोन जाती झालेल्या दाखवल्या. या जातींचे मूळ होते वेल्स यांच्या काळातल्या मालक-मजुरांमधल्या दरीत.

असा प्रश्न पनवेलजवळच्या नावड्यात उभा राहून विचारता येतो. दिवा-पनवेल मार्गावर नावडे रोड स्थानक आहे, शेजारी तळोजा औद्योगिक वसाहत आणि कासाडी नदी. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली आणि या पट्ट्यातल्या भातशेतीचे भविष्य आराखड्यांवर रेखले जाऊ लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये याच औद्योगिक भागातले निळे पडलेले कुत्रे देशभरच्या बातम्यांत झळकले. अंगावर रंगद्रव्य होते. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो धावते. स्थानकावर उतरलेल्या एखाद्या पात्राने सिडको येण्याआधीच्या काळात बेडकांचे डराव डराव ऐकावे, २०१७ मध्ये कारखान्याचा भोंगा आणि २०८० मध्ये काय, हे लिहिणाऱ्याने ठरवावे. कासाडीचे पाणी वाहताना ऐकवायचे की नाही, हा निर्णय नाटककाराला विज्ञान वाचूनच घ्यावा लागेल.

त्यासाठी लागणारे साहित्य आज हाताशी आहे: मोबाइलचा ध्वनिमुद्रक, शांत खोली आणि चार चांगले आवाज. अडते ते संहितेवर. ‘कृष्णविवर’ पुढे आली ती एका स्पर्धेमुळे. मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धेला श्रुतिकेचा विभाग जोडावा, महाविद्यालयांच्या एकांकिका स्पर्धांनी एक दिवस फक्त ऐकण्याच्या नाटकांसाठी ठेवावा आणि निवडक संहिता आकाशवाणीने आपल्या कलाकारांकडून करून घ्याव्यात. पहिल्या वर्षी दहा संहिता आल्या तरी नारळीकरांच्या वाचकांना ऐकण्यासाठी काही नवे मिळेल.