आठ माइक, एकच क्लॉक: रेकॉर्डिंगमध्ये ‘टकटक’ का येते? जाणून घ्या

मैफलीचे लाइव्ह रेकॉर्डिंग पुन्हा घेता येत नाही. त्यामुळे मल्टिचॅनल ऑडिओ कन्व्हर्टरचे सेटिंग आधीच तपासावे लागते.

कन्व्हर्टर काय करतो?
प्रीअँपमधून आलेला माइकचा सिग्नल तो आकड्यांत बदलतो. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असेल, तर प्रत्येक चॅनेलची सेकंदाला ४८,००० मोजमापे होतात.

मास्टर एकच
दोन उपकरणे जोडल्यास एक ‘इंटर्नल’ क्लॉकवर ठेवा. दुसऱ्याने वर्ड क्लॉक किंवा ऑप्टिकल केबलवरून त्याचा ताल घ्यायचा. दोन्ही ‘इंटर्नल’वर राहिली, तर मोजणी हळूहळू सरकते आणि टकटक ऐकू येते. ‘लॉक’चा दिवा स्थिर झाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू करा.

चॅनेल का गायब होतात?
एका एडॅट ऑप्टिकल केबलमधून ४८ किलोहर्ट्झला ८ चॅनेल जातात, ९६ ला मात्र फक्त ४. आठही हवे असतील, तर दुसरी केबल लागते.

सूर का चढतो?
४४.१ ला घेतलेले रेकॉर्डिंग रूपांतर न करता ४८ ला वाजवले, तर ते सुमारे ९ टक्के वेगाने धावते. काळी एकमधले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाते.

लेव्हल किती?
शून्य डेसिबल ही शेवटची हद्द. त्यापुढे आवाज फाटतो. २४ बिटवर सर्वांत मोठी तान उणे १२ च्या आसपास राहिली, तरी दर्जा टिकतो. तालमीतच हे तपासा; प्रत्यक्ष मैफलीत गायकाचा आवाज बहुधा चढतोच.