तेरचे वस्तुसंग्रहालय आणि आपला इतिहास

आपल्या समाजात इतिहासाविषयी आस्था वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. जयंतीच्या व्यासपीठावरून वक्ते सातवाहनांचे, स्तूपांचे, लेण्यांचे दाखले देतात आणि टाळ्याही मिळतात. परंतु त्या काळातील एखादी वस्तू समोर ठेवून कोणी समजावून सांगितले, तर इतिहास किती निराळा कळतो, हे आम्हाला तेर येथे उमगले. त्याविषयी या स्मरणिकेत चार शब्द लिहीत आहोत.

तेर हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणाकाठचे गाव. संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. याचेच प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख येतो. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाते, असे त्यात नोंदले आहे. पुढे शिलाहार राजेही स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत.

गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. पावसाने माती धुपली, कोणी ती शेतात टाकण्यासाठी खणली, की मणी, नाणी, खापरे वर येत. इतरांच्या लेखी तो कचरा होता. गावचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र त्या वस्तू जिवापाड जपून गोळा केल्या. हजारो वस्तूंचा हा संग्रह पुढे शासनाकडे आला. आज संग्रहालयास त्यांचेच नाव आहे.

संस्थेच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे गेलो, तेव्हा पहिली फेरी दहा मिनिटांत आटोपली. "सर, सगळी मडकीच आहेत," असे एक मुलगा म्हणाला. मग आमच्यासोबतच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांनी मुलांना हस्तिदंती स्त्रीमूर्तीविषयी सांगितले. तेरला अशी एक छोटी मूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली भारतीय मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच समुद्रापार पोहोचली होती. तिच्यावरून तेरच्या मूर्तीचा काळही अंदाजता येतो. हे ऐकल्यावर तीच मुले पुन्हा पहिल्या कपाटापासून पाहू लागली. पांढऱ्या मातीच्या बाहुल्या दोन साच्यांत कशा घडवीत, रोमन नाण्यांच्या नकला मातीत का करीत, असे प्रश्न निघाले.

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, गावातले त्रिविक्रमाचे देऊळ मूळचे आपले चैत्यगृह होते ना?" शिक्षकांनी लगेच होकार दिला नाही. मागची बाजू अर्धवर्तुळाकार असलेली ही विटांची वास्तू हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चैत्यगृह मानली. काही अभ्यासक मात्र ती मुळातच मंदिर असावी असे म्हणतात. दोन्ही बाजू त्यांनी मांडल्या. मग म्हणाले, "तेरला बौद्ध वस्ती होती याला वेगळा पुरावा आहे. १९६० च्या दशकातील उत्खननात चाकाच्या आऱ्यांसारख्या रचनेचा विटांचा स्तूप मिळाला. जे सिद्ध आहे ते ठामपणे सांगा. जे वादग्रस्त आहे ते वादग्रस्त म्हणून सांगा." मुलगी थोडी हिरमुसली. आम्हीही हिरमुसलो, हे कबूल केले पाहिजे. परंतु आमच्याकडून हिसकावलेला इतिहास आम्ही परत मागतो, तेव्हा तो पुराव्यानिशीच मागितला पाहिजे. नाहीतर खऱ्या दाव्यावरही उद्या कोणी विश्वास ठेवणार नाही.

आम्ही बँकेत नोकरी करतो. व्हाउचरवर तारीख व सही नसेल, तर रक्कम खरी असूनही खात्यात घेता येत नाही. जमिनीतील वस्तूचेही तसेच आहे. ती कोणत्या जागी, कोणत्या थरात, कशाच्या सोबत मिळाली, याची नोंद म्हणजे तिची तारीख व सही. तेरला १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी शास्त्रीय उत्खनन केले, तेव्हा थरांची अशी नोंद झाली. पण जी वस्तू कोणी गुपचूप उचलून विकली, तिची साक्ष कायमची गेली.

म्हणून सभासदांना विनंती आहे. शेतात, विहिरीच्या खोदकामात काही जुने सापडले, तर जागा न हलवता तहसील कार्यालयास अगर जवळच्या संग्रहालयास कळवावे. विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तरी संग्रहालय पाहावे आणि परत आल्यावर विहारात एकाच वस्तूवर दहा मिनिटे बोलावे. घरोघरी पडून असलेली चळवळीची जुनी पत्रके, छायाचित्रे, आजोबांची पत्रे यांवरही नाव, गाव व साल आजच लिहून ठेवावे. ते सांगणारी माणसे एकेक करून आपल्यातून जात आहेत. एका गावातील एका माणसाने खापरे जपली, म्हणून तगर आपल्याला दिसले. आपल्या घरातील कागद जपणे एवढे काही अवघड नाही.