ऐंशीनंतरचा रक्तदाब आणि एक संमतिपत्र

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या ८३ वर्षांच्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. दादांचे हृदय काही काळापासून अशक्त झाले आहे आणि ज्या रुग्णालयात त्यांची तपासणी होते, तेथे त्यांना एका औषधाच्या अभ्यासात सहभागी व्हाल का, असे विचारले होते. मुलाच्या हातात संमतिपत्राची पाने होती आणि चेहऱ्यावर संताप. "डॉक्टरसाहेब, आमच्या दादांवर प्रयोग करायचे आहेत यांना!" दादा मात्र शांतपणे म्हणाले, "मला एवढंच कळत नाही, या वयात माझा कुणाला काय उपयोग?"

मुलाच्या संतापापेक्षा दादांच्या या प्रश्नाचे उत्तर देणे मला अधिक गरजेचे वाटले. दादा रोज सकाळी रक्तदाबाची जी गोळी घेतात, ती त्यांना देण्याचा विश्वास आम्हा डॉक्टरांना त्यांच्याच वयाच्या माणसांनी दिला आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, व्यवसायात नवा असताना, माझ्याकडे ८१ वर्षांच्या एक आजी येत. वरचा रक्तदाब १८० च्या आसपास, तक्रार काहीच नाही. "वयोमानाने वाढायचाच, राहू द्या," असे मी घरच्यांना सांगितले. दीड वर्षाने आजींना पक्षाघात झाला. गोळी दिली असती तर तो टळला असता, असे मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्या वेळी तसे म्हणू शकेल असे कोणीच नव्हते. रक्तदाबाच्या मोठ्या अभ्यासांत ऐंशीपुढची माणसे फारच थोडी होती. जी होती, त्यांच्यात औषधाने पक्षाघात कमी झालेले दिसत, मृत्यू मात्र कमी झालेले दिसत नसत. शिवाय अतिवृद्धांत कमी रक्तदाब असलेलेच लवकर जातात, असेही काही निरीक्षणांत आढळले होते. शरीर आतून खचत चालले म्हणून रक्तदाब उतरतो, की रक्तदाब उतरला म्हणून माणूस खचतो, हे उलगडत नव्हते.

हा गुंता सोडवण्यासाठी 'हायव्हेट' नावाचा अभ्यास झाला. युरोप, चीन, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा प्रदेश आणि ट्युनिशिया येथील ऐंशी वा त्याहून अधिक वयाच्या ३,८४५ जणांनी त्यात भाग घेतला. सर्वांचा वरचा रक्तदाब १६० किंवा अधिक होता. सुमारे निम्म्यांना इंडापामाइड आणि गरजेनुसार पेरिंडोप्रिल देण्यात आले, तर उरलेल्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. हे ऐकले की घरच्यांना फसवणूक वाटते. पण औषध चांगले की वाईट, हे ठाऊक नसतानाच अशी तुलना न्याय्य ठरते आणि सहभागी होणाऱ्याला ती आधी सांगावी लागते. उत्तर मिळू लागताच अभ्यास मुदतीआधी थांबवण्यात आला. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : औषध घेणाऱ्या गटात एकूण मृत्यू २१ टक्क्यांनी, तर हृदय निकामी होण्याचे प्रकार तब्बल ६४ टक्क्यांनी कमी होते. लक्ष्यही माफकच होते, १५०/८०.

या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी. स्मृतिभ्रंश झालेल्या, सतत शुश्रूषेची गरज असलेल्या किंवा उभे राहिल्यावर वरचा रक्तदाब १४० च्या खाली जाणाऱ्या व्यक्ती त्यात नव्हत्या. म्हणून घरातील ज्येष्ठांचा रक्तदाब बसल्यावर मोजाच, पण उभे केल्यावर एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. तो बराच उतरत असेल किंवा तोल जात असेल, तर गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांना कळवा. आणखी एक उणीव मला खटकते. या ३,८४५ जणांत भारतातील कोणी नव्हते. आपण वापरतो ते उत्तर परक्या वृद्धांनी दिलेले आहे.

तरीही समोर आलेल्या प्रत्येक संमतिपत्रावर सही करावी, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे औषधचाचणी सुरू होण्यापूर्वी तिची 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' येथे नोंद व्हावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागून घ्या. नैतिकता समितीची मंजुरी आहे का, हेही विचारा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. ती कागदावर कोठे लिहिली आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. चालू गोळ्यांपैकी कोणती थांबणार, रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा, फेऱ्या किती आणि प्रवासखर्च कोणाचा, हे प्रश्न सुनेने किंवा मुलाने निःसंकोच विचारावेत. काढे, चूर्णे धरून सर्व औषधांची यादी मात्र प्रामाणिकपणे द्यावी. नकार दिला किंवा मधेच बाहेर पडले, तरी नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये. प्रवासाचा शीण झेपणारा नसेल तर नकार देणेच शहाणपणाचे, असे माझे मत आहे. आणि सही कोणाची? समज शाबूत असेल तर ती ज्येष्ठांचीच. मुलांनी परस्पर 'हो' म्हणू नये आणि 'नाही'ही म्हणू नये.

दादांनी दोन दिवस मागून घेतले. परत आले ते वहीच्या पानावर प्रश्न लिहूनच. बहुतेक मी सुचवलेलेच होते, शेवटचा मात्र त्यांचा स्वतःचा होता : "अभ्यास संपल्यावर काय निघालं, ते आम्हाला कळवतात का?" इतक्या वर्षांत मला हे विचारावेसे वाटले नव्हते. तो प्रश्न वर घेऊन आम्ही ते पान रुग्णालयात पाठवले आहे.