ताटावरची कुऱ्हाड

हार्ट फेल्युअरचं निदान झालं की घरात सगळ्यात आधी ताटाला कात्री लागते. तूप बंद, अंडं बंद, भात निम्मा, भाजी अळणी. हे सगळं काळजीपोटीच होतं. पण या आजारात बऱ्याच जणांना खरा धोका असतो तो पोटात पुरेसं न जाण्याचा.

हृदय दुबळं पडलं की रक्त मागे तुंबतं. पायांची सूज दिसते. आतडी आणि यकृतही सुजतात, ते दिसत नाही. दोन घासांत पोट गच्च होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. दंड-मांड्यांचे स्नायू झडत जातात आणि अंगात साठलेलं पाणी ती झीज झाकून टाकतं, त्यामुळे काट्यावर वजन तेवढंच दिसतं. ही झीज किती महागात पडते? १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, सूज वगळून ७.५ टक्क्यांहून जास्त वजन घटलेल्यांपैकी निम्मे रुग्ण दीड वर्षात दगावले. इतरांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होतं.

मग नीट खाऊ घातलं तर फरक पडतो का? पडतो. स्वित्झर्लंडच्या रुग्णालयांत कुपोषणाचा धोका असलेल्या ६४५ हार्ट फेल्युअर रुग्णांवर चाचणी झाली. ज्यांच्यासाठी आहारतज्ज्ञांनी प्रत्येकाची गरज आणि आवड पाहून उष्मांक-प्रथिनांचं गणित बसवलं, त्यांच्यात तीस दिवसांतले मृत्यू ८.४ टक्के होते; नेहमीचं जेवण मिळालेल्यांत १४.८. एखाद्या औषधाने हे साधलं असतं, तर त्याचा केवढा गवगवा झाला असता!

मीठ मोकळं सोडा, असं मी म्हणत नाही. लोणचं-पापड आवरायलाच हवेत. मात्र २०२२च्या ‘सोडियम-एचएफ’ चाचणीत मीठ फार कडक तोडूनही मृत्यू किंवा रुग्णालयाच्या फेऱ्या लक्षणीय घटल्या नाहीत. अळणी जेवणामुळे आजोबा ताट बाजूला सारत असतील, तर लिंबू, आलं, कोथिंबीर वापरून त्याला चव आणा. थोडं थोडं, पण चार-पाच वेळा द्या: मुगाचं घट्ट वरण, दही, अंडं, मासा. मूत्रपिंडाचाही त्रास असेल, तर प्रथिनं किती द्यायची हे डॉक्टरांनाच विचारा. बाजारातलं ‘कमी सोडियम’चं मीठही त्यांना विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांसोबत ते रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकतं.