वीस दुकानं, सत्याहत्तर वर्षं

उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातून 2024-25 या वर्षात, वीस फुटी मापानं मोजले तर, 70 लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा झाली. रात्रंदिवस, सणवार न पाळता, दर साडेचार सेकंदांना एक. आजची सगळ्यांत मोठी जहाजं असे 24 हजार कंटेनर एका खेपेत नेतात. ते रस्त्यावर एकामागे एक मांडले, तर मुंबईपासून पार पुण्यापर्यंत रांग लागेल. 26 एप्रिल 1956 रोजी न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालेल्या ‘आयडियल एक्स’ या जहाजापासून कंटेनरचं युग सुरू झालं असं मानतात. त्यावर पेट्या होत्या 58. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे 5 डॉलर 86 सेंट पडत. पेटीतून तोच माल सुमारे 16 सेंटांत चढला.

एमबीएच्या वर्गात सप्लाय चेन शिकवायला घेतली की सुरुवातीला हेच आकडे सांगतात, आणि मुलं माना डोलावतात. मोठं जहाज, मोठा आकडा. त्यात नवल वाटलं तरी कोडं पडत नाही. मला विचाराल तर या विषयात छाती दडपते ती अगदी लहान आकड्यांपाशी. फायनान्स घेतलेली मुलं सप्लाय चेनला ‘ट्रक आणि गोदामं’ म्हणून बाजूला सारतात तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यांनी गोदामाच्या दारातला टेम्पो नीट पाहिलेलाच नसतो.

तो टेम्पो पाहू. कोल्हापुरात बिस्किटांच्या डिस्ट्रिब्युटरचा छोटा हत्ती सकाळी गोदामातून निघतो, दुकानांना खोकी उतरवतो आणि परत येतो. दुकानं पाच असतील, तर ती घेण्याचे क्रम होतात 120. कागदावर मांडून सगळ्यांत जवळचा निवडता येतो. दहा दुकानं झाली की क्रम 36,28,800. पंधरा झाली की 1 लाख 30 हजार 767 कोटींच्या वर. सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणारा संगणक घेतला, तर त्याला पंधरा दुकानांना बावीस मिनिटं लागतात. चहा होईपर्यंत उत्तर तयार. आता आणखी पाचच दुकानं वाढवा. वीस दुकानांचे क्रम 24,32,90,20,08,17,66,40,000, आणि त्याच संगणकाला लागणारा वेळ 77 वर्षं. उलटसुलट फेरी एकच धरली तरी 38 वर्षं. डिस्ट्रिब्युटरच्या नातवाच्या हाती उत्तर पडायचं.

पंचवीस दुकानांना 49 कोटी वर्षं लागतात. म्हणजे पृथ्वीवर डायनोसॉर यायच्या किती तरी आधी गणित सुरू केलं असतं, तर ते आता संपत आलं असतं. तीस दुकानांना विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे सहा लाख पट. आणि सेल्समनच्या एका दिवसाच्या बीटवर तीस दुकानं म्हणजे काही फार नव्हेत!

तरीही टेम्पो रोज निघतो आणि दुपारी परत येतो. ड्रायव्हर सगळे क्रम मोजत बसत नाही, आणि शहाणा संगणकही बसत नाही. नकाशावर फेरी रेघेनं काढा आणि रेघ स्वतःलाच कुठे छेदते ते बघा. अशी फुली पडली, की त्या दोन तुकड्यांची टोकं बदलून फुली सोडवायची. सरळ रेघेची अंतरं धरली तर फेरी नक्की लहान होते. फुल्या संपेपर्यंत हेच करत राहायचं. सर्वोत्तम मार्ग मिळेलच असं नाही, पण बराच चांगला मिळतो, आणि तोही चुटकीसरशी. सर्वोत्तमच हवा असेल तर दोन बाजूंनी चढाई करावी लागते. यापेक्षा कमी अंतरात फेरी होणं शक्यच नाही, अशी खालची मर्यादा गणितानं वर सरकवत न्यायची, हाती असलेला मार्ग लहान करत खाली आणायचा, आणि दोन्ही एका आकड्यावर भेटले की काम फत्ते. या वाटेनं 2004 साली स्वीडनमधल्या 24,978 गावांमधून जाणारी सगळ्यांत लहान फेरी सिद्ध झाली. लांबी सुमारे 72,500 किलोमीटर. तीस दुकानांपुढे विश्वाचं वय तोकडं पडत असताना पंचवीस हजार गावांचं उत्तर पुराव्यानिशी सापडावं, याहून थोर गोष्ट मला तरी या अभ्यासक्रमात दिसत नाही.

अशा मार्गाची किंमतही छोट्या आकड्यातच दडलेली असते. प्रत्येक ड्रायव्हरचा दिवसाला एक मैल, म्हणजे जेमतेम 1.6 किलोमीटर वाचला, तर वर्षाला 5 कोटी डॉलरपर्यंत वाचतात, असा ‘यूपीएस’ या अमेरिकी कुरिअर कंपनीचा हिशेब आहे.

दुकानांचे क्रम फुगवणारा गुणाकाराचा हाच खेळ चाकणच्या कारखान्यांत उलट्या बाजूनं दिसतो. शेवटचा स्क्रूसुद्धा मोजला तर मोटारीत तीस हजारांच्या आसपास भाग असतात. समजा, प्रत्येक भाग वेळेवर येण्याची खात्री 99.99 टक्के आहे आणि एकाच्या उशिराचा दुसऱ्याशी संबंध नाही. परीक्षेत इतके गुण मिळाले तर पेढे वाटतात. तीस हजार वेळा गुणाकार केला की सगळेच भाग वेळेवर असण्याची शक्यता उरते 5 टक्के. शंभरातल्या पंच्याण्णव दिवशी काही ना काही शॉर्ट. प्रत्यक्षात भाग जुळणी होऊन येतात, गोदामात थोडा साठा असतो, म्हणून लाइन रोज थांबत नाही. पण 2021 मध्ये नखाएवढ्या चिपा मिळेनात, तेव्हा त्या वर्षी जगभरात 77 लाख गाड्या कमी बनतील असा अंदाज ‘अ‍ॅलिक्सपार्टनर्स’ या सल्लागार संस्थेनं मांडला होता. बाकी सगळी गाडी तयार, आणि एका चिपेपायी ती यार्डात उभी.

आता सगळ्यांत लहान आकडा: चार. एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास एक खेळ तयार केला, तो आज जगभरच्या मॅनेजमेंट वर्गांत खेळतात. टेबलावर चौघं: दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर आणि कारखाना. माल बिअरचा. प्रत्येकाकडे सुरुवातीला 12 खोकी. पडून राहिलेल्या खोक्याला आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, न पुरवलेल्या खोक्याला एक डॉलर. ऑर्डर चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायची, बोलायचं नाही. आज मागवलेला माल हाती यायला काही आठवडे जातात. गिऱ्हाईक पहिले चार आठवडे 4 खोकी नेतं, पाचव्या आठवड्यापासून 8, आणि मग शेवटपर्यंत 8 च. संपूर्ण खेळात गिऱ्हाइकाच्या बाजूनं एवढा एकच बदल.

दुकानदाराचा साठा आटतो. मागवलेलं अजून वाटेत आहे हे विसरून तो जास्त मागवतो. होलसेलरला तीच मागणी वाटते, तो त्यावर आपली भर घालतो. संशोधक जॉन स्टरमन यांनी 1989 साली अशा खेळांच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. ऑर्डरींचं सरासरी टोक दुकानदाराकडे 15, होलसेलरकडे 19, डिस्ट्रिब्युटरकडे 27 आणि कारखान्यात 32. शहाणपणानं खेळलं असतं तर जेवढा खर्च आला असता, त्याच्या सरासरी दहा पट खर्च झाला. खेळणाऱ्यांत अनुभवी अधिकारीही होते. खेळ संपल्यावर गिऱ्हाइकाची मागणी कशी असेल ते काढायला सांगितलं, तर बहुतेक जण मोठमोठ्या लाटा काढतात. लाटा त्यांनीच उठवलेल्या असतात, आणि दोष मात्र कधी न पाहिलेल्या गिऱ्हाइकाला.

‘प्रॉक्टर अँड गँबल’ला हेच पॅम्पर्सच्या बाबतीत आढळलं. बाळं डायपर वापरतात ते एका लयीत. ऑर्डरी मात्र वर जाताना अधिकच हेलकावत होत्या. त्यावर त्यांनी आणि ‘वॉलमार्ट’नं 1980 च्या दशकाच्या अखेरीस हात मिळवले, आणि दुकानातल्या विक्रीचा आकडा थेट कंपनीकडे जाऊ लागला.

आपल्याकडे या लाटेची तारीख ठरलेली आहे. महिनाअखेर आली की एरिया मॅनेजरला टार्गेट गाठायचं असतं, स्कीम सुटते, डिस्ट्रिब्युटरच्या गोदामात माल कोंबला जातो. पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा ऑर्डरी सुन्न. कारखान्यात कधी ओव्हरटाइम, तर कधी कामगार रिकामे. यांतले कित्येक मॅनेजर आमच्याच वर्गांतून पास होऊन गेलेले असतात, तो खेळ खेळून. आणि ज्या घरात महिन्याला साबणाच्या चार वड्या लागतात, तिथे 28 तारखेलाही चारच लागतात.